नार्डोचा बारावा जोड

४ मे, शनिवार

आले एकदाची. पाच खोकी, एक गादी आणि आईचा बिडाचा तवा, एवढाच माझा संसार. मिस्टर एझेल जिन्याच्या तोंडाशी उभे राहून सगळं निरखत होते. तवा तेवढा त्यांनी स्वतःच्या हाताने वर आणला, खोक्यांना बोटही लावलं नाही. घर त्यांचंच. ते खाली राहतात, वरचा मजला भाड्याने देतात. वय चौऱ्याहत्तर, उमेदीची वर्षं पोलादाच्या कारखान्यात गेली आणि जीभ अजून तिथल्या भट्टीसारखी तापलेली. म्हणाले, तुझा भाऊ आला तेव्हा त्याच्याकडे दोन पँटी आणि बारा जोड बूट होते, तुझ्याकडे निदान तवा आहे, म्हणजे घराण्यात सुधारणा होतेय.

मी हसले. जानेवारीनंतर बहुधा पहिल्यांदाच.

जागा छान आहे. पुढच्या खोलीत सकाळचं ऊन थेट फडताळावर येतं. हे फडताळ नार्डोने, माझ्या भावाने, इथे राहायचा तेव्हा स्वतः ठोकलेलं, बारा कप्प्यांचं, डावीकडे चांगलं बोटभर कललेलं. मी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. कागदोपत्री मावशीकडे वाढला, खरा माझ्या हाताखाली. काम असलं की मला ताई म्हणायचा, नसलं की नुसतं लिस.

ही वहीसुद्धा त्याचीच. पहिल्या बारा पानांवर त्याच्या बारा जोडांची टिपणं आहेत, पुढची पानं कोरी. ‘क्रमांक चार. लाल-काळे. लव्हेलशी तीन आठवडे घासाघीस. शेवटी लव्हेल रडला.’ ‘क्रमांक सात. आधीच्या मालकाने फक्त लग्नात घातले. लग्न टिकलं नाही, बूट टिकले.’ एकही जोड नवा कोरा नाही. कोरे बूट मुके असतात म्हणायचा, कुणीतरी चाललेले हवेत. घेतला की बुटाच्या लेसखालच्या जिभेच्या आतल्या बाजूला शाईने आकडा घालायचा.

तो जानेवारीत गेला. दफनानंतर चौथ्या दिवशी मी बाराच्या बारा जोड लव्हेलच्या दुकानात नेऊन विकले. आता मला ते परत हवेत. बारा कप्पे, बारा जोड. त्यासाठीच इथे राहायला आले आहे. पुढचं पुढे पाहू.

८ मे, बुधवार

सकाळची बसफेरी संपवून लव्हेलकडे गेले. मी शाळेची बस चालवते. सकाळी लोकांची पोरं शाळेत सोडायची, दुपारी घरोघरी पोचवायची, मधला वेळ माझा.

लव्हेलचं दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीभर वापरलेले स्नीकर्स, आणि गिऱ्हाइकं बुटात नाक खुपसून उभी. नकली बुटाच्या गोंदाला आंबूस वास येतो म्हणे. लव्हेल स्वतः दाराएवढा रुंद, आवाज मात्र लहान मुलासारखा. मला पाहून त्याने आधी हातातला बूट खाली ठेवला. मग म्हणाला की त्या दिवशी मी तुला दोनदा विचारलं होतं, नक्की विकायचेत का. खरं आहे. दोन्ही वेळा मी हो म्हणाले होते.

जोड विखुरले आहेत, प्रत्येक वेगळ्याच्या पायात आहे. पण क्रमांक तीन परत त्याच्याचकडे आला होता. कोणा शिक्षकाने महिनाभर घालून विकला. मी जीभ उलटली. आत नार्डोचा आकडा होता, खालचं वळण जरा मोठं. मग मीही सगळ्यांसारखं नाक घातलं. परक्या माणसाचा पाय, साबण, आणि त्याखाली काहीच नाही. लव्हेलने तोंड फिरवलं आणि बराच वेळ एकच लेस ओवत बसला.

जोड तिसऱ्या कप्प्यात ठेवला. जेवताना दोनदा उठून पाहून आले.

९ मे

क्रमांक तीन सकाळी ओला होता. नुसता दमट नाही, बोट लावलं तर पाणी निघेल असा, आणि टाचेपासून बोटांपर्यंत मिठाची पांढरी रेघ. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ विरघळवायला जाडं मीठ टाकतात त्याची ही रेघ असते, इथल्या शेंबड्या पोरालाही ओळखता येईल. पण मे महिना आहे. लायलॅकची जांभळी झुडपं फुललीत.

लव्हेलला फोन करून झाडलं, न पुसता माल देतोस म्हणून. त्याने शपथेवर सांगितलं की दात घासायच्या ब्रशने स्वतः घासून दिलाय. तळाला हिरवा रंगही लागला होता, अजून चिकट. मिस्टर एझेल यांनी तो नखाने खरवडून पाहिला आणि सांगितलं की नगरपालिका या आठवड्यात रुळांवरच्या पादचारी पुलाचे कठडे रंगवतेय, हाच हिरवा.

मी त्या पुलावर गेलेली नाही. जाणारही नाही.

१५ मे

आणखी दोन जोड मिळाले, क्रमांक सात आणि एक. दोन्ही दुसऱ्या सकाळी ओले, दोन्हींना मिठाची रेघ. खाचांत लोखंडाचा गंजलेला कीस अडकलेला.

छत गळतंय का पाहिलं. गळत नाही. दाराला कडी होती.

भीती वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर बरं वाटलं. नार्डोने शिकवलं होतं तसं कोमट पाणी, खायचा सोडा आणि मऊ ब्रश घेऊन बसले आणि तासभर बूट घासले. कितीतरी दिवसांनी कुणाचं तरी काहीतरी करत होते.

२१ मे, मंगळवार

लिहून टाकते. या वहीत नाही लिहायचं तर कुठे.

बावीस जानेवारीला सकाळपासून बर्फ कोसळत होतं. दुपारची फेरी दोन तास लांबली. मी तेव्हा गावाबाहेरच्या घरात राहायची, इथून गाडीने वीस मिनिटं. घरी आले, बूट काढले, सूप गरम केलं, पाय वर घेतले. सहा वाजून दहा मिनिटांनी नार्डोचा फोन आला. तो पुलापलीकडे मित्राकडे गेला होता, बस बंद पडल्या होत्या, आणि पायात क्रमांक बारा होता. दोन वर्षं ज्याच्या मागे होता तो जोड. नेमका त्या दिवशी मिरवायला घालून गेलेला.

तो म्हणाला, “ताई, ये ना मला घ्यायला. मिठाने वाट लागेल गं यांची.”

मी म्हणाले, “बूट चालायलाच असतात, नार्डो. चालत ये.”

आणि फोन ठेवला. दिवसभर लोकांची पोरं घरी पोचवली आणि माझ्या पोराला चालत ये म्हणाले.

लहानपणी हिवाळ्यात मी त्याच्या पायात पावाच्या रिकाम्या पिशव्या चढवायची. मोज्यावर पिशवी, त्यावर बूट, घोट्याशी दुहेरी गाठ. इथे सगळ्या आया असंच करतात, बूट फाटका असला तरी पाय कोरडा राहतो. त्या दिवशी त्याने पिशव्या उलट्या वापरल्या. पाय भिजले तर भिजोत, बूट वाचोत, म्हणून बुटांवरून बांधल्या. गुळगुळीत प्लास्टिक आणि पुलाच्या पायऱ्यांवर काच झालेलं बर्फ. सगळ्यात वरच्या पायरीवरून घसरून पडला. उजवा पाय मांडीत मोडला. त्या वादळात पुलावर कोण येणार. सकाळी सापडला.

रुग्णालयात त्यांनी मला त्याच्या वस्तूंची थैली दिली. आत क्रमांक बारा होता. मिठाचा एक ठिपका नव्हता त्यावर. एवढा लख्ख जोड मी आयुष्यात पाहिला नाही. त्या लख्खपणाचाच राग आला मला, म्हणून विकले.

२६ मे, रविवार

पाच जोड झाले. या वेळी तळाला ताजं डांबर आहे. आपल्या चर्चसमोरचा रस्ता शुक्रवारीच डांबरी केला.

आणि आज आणखी एक दिसलं. पाचही जोडांत डावा बूट धड आहे. उजव्याची बाहेरची कड घासून पार आतल्या कापडापर्यंत गेलीय, पाय आडवा पाडून फरपटत नेल्यासारखी. नार्डो लंगडत नव्हता. कधीच नव्हता. त्या पुलावरच्या पायऱ्या सोडल्या तर.

दुपारी उन्हात पुलाच्या अलीकडून घरापर्यंत चालत आले. पूल. मग भंगाराचं आवार, तिथे रस्ताभर लोखंडाचा कीस. मग चर्च. पुढे मिस ऑटिलीची लाँड्री, मग आमचा कोपरा, मग हे घर.

जोड एकदाच ओला होतो. नंतर कोरडा राहतो. म्हणजे एकेक जोड मी आणते, आणि तो एकेक टप्पा—

तो घरी येतोय.

३१ मे

आठ जोड. शेवटच्या तिन्हींत साबणाची गुलाबी पूड, लाँड्रीबाहेर सांडते ती.

मिस्टर एझेल यांना सांगितलं. हसतील वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं की दफन करताना पायात काय होतं. मी म्हणाले, काही नाही, फक्त मोजे. सगळे जोड तर मीच घेऊन बसले होते रागात. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले की त्यांची आजी दक्षिणेकडची, ती सांगायची, मेलेल्या माणसाचे बूट वर्षभर घराबाहेर देऊ नयेत, दुसऱ्याच्या पायात गेले की तो अनवाणी होतो. आणि देऊन बसलात तर परत मागू नयेत.

“का?” मी विचारलं.

“कारण पोरी, तो ते घालतो.”

लव्हेलला निरोप ठेवलाय. आता काही नको. बास.

४ जून

चार कप्पे रिकामे. घरात काही ओलं नाही. झोप लागते. सकाळी कॉफीही चांगली लागते. सुटले असं वाटतं.

मिस ऑटिली आज मिस्टर एझेल यांच्याशी कटकट करत होती. लाँड्रीबाहेरच्या बाकासमोर चार दिवसांपासून ओला डाग आहे. पुसला की पुन्हा येतो. कडेने पांढरं धरतं. तिथे बसलं की पाय गारठतात म्हणून बायका कपडे घेऊन आत उभ्या राहतात.

मी वर आले.

तो तिथेच आहे. मी जोड आणायचे थांबवले आणि तो जिथे होता तिथेच थांबलाय. माझी वाट बघत. पुन्हा.

५ जून

दोन फेऱ्यांमध्ये त्या बाकावर जाऊन बसले. लख्ख ऊन, समोर लोक आइस्क्रीम खातायत. माझी डावी बाजू गरम, उजवी बाजू बर्फात ठेवल्यासारखी. मी समोर बघत राहिले. उजवीकडे बघायचं धाडस झालं नाही. सगळं सांगितलं. की सूप गार होईल म्हणून नाही आले. तेवढंच कारण होतं, दुसरं काहीच नव्हतं. की रोज सहा वाजून दहा मिनिटांनी मी गाडीची किल्ली उचलते आणि खाली ठेवते.

उठले तेव्हा माझी उजवी बाही खांद्यापाशी ओली होती. कुणीतरी डोकं टेकलं होतं तेवढीच.

पोराला दोनदा रस्त्यावर कसं सोडू.

लव्हेलला फोन केला. उरलेले शोध म्हटलं.

८ जून

दहावा क्रमांक. सकाळी ओला. साबण नाही. मिस्टर एझेल गुलाबांना घालतात तो लाकडाचा भुसा, काळा, ओला. म्हणजे आमच्या अंगणात.

गुलाबाची खालची पानं जळालीत. मीठ.

१० जून

सहावा क्रमांक. अंगणातून पुढच्या पायऱ्यांवर— पाण्याचा एक ठसा धड, त्याशेजारी एक लांब फराटा. ठसा, फराटा. सातव्या पायरीपर्यंत. मी घासल्या सगळ्या पायऱ्या. मुलीकडे निघालेले मिस्टर एझेल बॅग घेऊन उभे होते, त्यांनी पाहिलं. सगळं पाहिलं. म्हणाले, शेवटचा आणू नकोस. म्हणाले, जो येतोय तो तुझा भाऊ असेल, पण रात्रभर पुलावर पडलेला भाऊ असेल. मलाही सोबत चल म्हणाले.

मी गेले नाही. मी गेले तर दार कोण उघडणार.

१२ जून, दुपार

लव्हेलचा फोन. अकरावा मिळाला, आणि बारावा—

बारावा त्याने विकलाच नव्हता. घरी ठेवला होता, कपाटात. कुणाचा आहे माहीत असताना विकवेना, म्हणाला. माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. खोकं माझ्या हातात देताना सोडत नव्हता, दोघं धरून उभे होतो तसेच. डोळे भरले होते त्याचे. म्हणाला, तो दर शनिवारी यायचा, घ्यायचं काही नसलं तरी.

मीही रडले. त्या बुटांच्या वासात उभी राहून.

क्रमांक बारा लख्ख. अजूनही लख्ख.

१३ जून, सकाळ

अकरावा ओला. फराटा आता आतल्या जिन्यावर आहे. शेवटच्या पायरीपर्यंत. दारापासून चार पावलं.

बारावा कोरडा. का कोरडा? जसा ठेवला तसा, कप्प्यात. तो घालत नाहीये.

अजूनही जपतोय.

शाळेला फोन करून बसची फेरी टाळली. आजपर्यंत कधी टाळली नव्हती.

१३ जून, सहाला पाच मिनिटं

ऊन आहे. शेजारी गवत कापतायत. दाराची मूठ गोठून पांढरी झालीय, आतून. हात लावला तर कातडी चिकटली.

बारावा कप्पा— आता रिकामा आहे. मी पाठ फिरवली नव्हती. लिहायला खाली पाहिलं, तेवढंच.

सहा वाजून चार

बाहेर. प्लास्टिकची सळसळ. मग फराटा. मग सळसळ. दार ठोठावत नाही. श्वासही नाही. फक्त उभा.

नको. मी नाही उघडणार. मिस्टर एझेल बरोबर होते, मी नाही—

सहा वाजून दहा

बोलला.

“ताई, ये ना मला घ्यायला.”

त्याचाच आवाज. दात वाजतायत. आत घे म्हणत नाहीये. तेव्हाही आत घे म्हणालाच नव्हता. घ्यायला ये म्हणाला होता.

किल्ली घेतली. वहीही घेतली, कुणाला तरी कळायला हवं.

उघडलं

मी खालीच बघतेय. वर बघत नाही. क्रमांक बारा, त्यावरून पावाच्या पिशव्या, घोट्याशी दुहेरी गाठ, मी शिकवलेली. उजवा बूट उलटा वळलाय. जिन्यात बर्फ पडतंय. खरंच पडतंय.

उंबऱ्यावर अजून दोन पिशव्या ठेवल्यात. घडी घालून. माझ्यासाठी. माझे पाय भिजू नयेत म्हणून—

अरे वेड्या. आत घालायच्या असतात. पिशवी आत, बूट वर. किती वेळा सांगितलं.

बसलेय उंबऱ्यावर. हात गारठलेत, गाठ बसत नाही.

तो वाकलाय. बोटं निळी आहेत त्याची. तोच बांधतोय, मी बांधायची तसा, जीभ दातांत धरून. बुटावरूनच.

येते रे. आले. या वेळी आले.

डावा पाय झाला. आता उज—